अर्धवेळ काम, पूर्णवेळ कॉलेज

तंत्रज्ञान क्षेत्रातल्या नव्या, लहान कंपन्यांमध्ये, म्हणजे ज्यांना आपण सारे स्टार्टअप म्हणतो तिथे, शिकता शिकता ग्राफिक डिझाइनचे काम करणाऱ्या विद्यार्थ्यांची पत्रे गेल्या काही महिन्यांत या सदराकडे सातत्याने येत आहेत. त्यांतली बहुतेक पुण्याची आहेत, काही कोल्हापूर-सोलापूरहून घरबसल्या काम करणाऱ्यांची आहेत, एक पालकांचे आहे आणि एक पत्र अशाच एका कंपनीच्या संस्थापकाचे आहे. त्यामुळे या वेळचे सदर याच विषयाला दिले आहे. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची आणि कंपन्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : मी पुण्यात उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षात शिकते. जूनपासून बाणेरच्या एका स्टार्टअपमध्ये अर्धवेळ काम करते. आठवड्याला २० तास आणि दरमहा ८,००० रुपये असे तोंडी ठरले होते. प्रत्यक्षात रात्री अकरालाही ‘एवढे एक क्रिएटिव्ह (जाहिरातीचे चित्र) करून दे’ असा निरोप येतो आणि आठवड्याचे ३५ तास सहज होतात. दोन सबमिशन राहिली आहेत. तिथली माणसे चांगली आहेत आणि काम आवडते, त्यामुळे बोलायला संकोच वाटतो. काय करावे? — एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : आधी हिशेब मांडू या, कारण संकोच कमी करायला हिशेबाइतकी उपयोगी गोष्ट नाही. आठवड्याला २० तास म्हणजे चार आठवड्यांचे ८० तास होतात आणि ८,००० रुपयांना ते तासाला १०० रुपये पडतात. तुम्ही ३५ तास देत असाल तर महिन्याचे १४० तास होतात आणि तोच दर ५७ रुपयांवर येतो. तुमची पगारकपात कोणी जाहीर केलेली नाही, पण ती झाली आहे.

यात कंपनीतल्या लोकांचा वाईट हेतू असेलच असे नाही. मी स्वतः अशा कार्यालयांत डिझाइनर म्हणून बसले आहे. तिथे डिझाइन ही साखळीतली शेवटची कडी असते. संस्थापकांचा निर्णय दुपारी बदलतो, मजकूर संध्याकाळी येतो आणि पोस्ट मात्र सकाळी नऊलाच जायची असते, त्यामुळे आधीच्या प्रत्येकाचा उशीर डिझाइन करणाऱ्याच्या रात्रीत जमा होतो. शिवाय डिझाइनला लागणारा वेळ बाहेरून दिसत नाही. ‘फक्त रंग बदल’ असे म्हणणाऱ्याला हे ठाऊक नसते की तोच रंग इन्स्टाग्रामच्या १०८० बाय १३५० च्या पोस्टमध्ये, १०८० बाय १९२० च्या स्टोरीत, प्ले स्टोअरच्या १०२४ बाय ५०० च्या चित्रात आणि ॲपच्या आयकॉनमध्ये बदलावा लागतो, आणि गडद पार्श्वभूमीवर अक्षरे वाचता येतात की नाही हे पुन्हा एकदा तपासावे लागते.

म्हणून बोलण्यापूर्वी दोन आठवडे एक वही ठेवा. तारीख, काम, लागलेला वेळ आणि किती वेळा बदल सांगितले गेले, एवढ्या चारच गोष्टी तिच्यात लिहा. दोन आठवड्यांनी ज्यांच्या हाताखाली काम करता त्यांना ईमेल करा. व्हॉट्सॲपवर हा विषय काढू नका, तिथे तो इतर निरोपांखाली दबून जातो. ईमेल असे असू शकेल :

‘मला इथे काम करायला आवडते आणि पुढेही करायचे आहे. आपले आठवड्याला २० तास ठरले होते. गेल्या दोन आठवड्यांत अनुक्रमे ३४ आणि ३६ तास झाले, त्याची नोंद सोबत जोडली आहे. माझी सत्र परीक्षा जवळ आली असल्यामुळे मला आठवड्याला १५ तासच देता येतील. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ या वेळेत मी उपलब्ध असेन. त्यापलीकडचे काम तातडीचे असल्यास आदल्या दिवशी कळवावे आणि त्याचे तासाप्रमाणे वेगळे मानधन ठरवावे. प्रत्येक कामात दोन वेळा बदल करून देईन, तिसऱ्या वेळेपासून ते नवे काम धरावे.’

मी १५ तास लिहिले ते विचार करून लिहिले आहेत. उपयोजित कलेचे वर्ग, स्टुडिओतले काम आणि सबमिशन यांनी आठवडा आधीच भरलेला असतो, आणि हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली की परीक्षेला बसण्याचाच प्रश्न निर्माण होतो. आणखी एक गोष्ट पाहा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतरच्या नव्या अभ्यासक्रमांमध्ये ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ला, म्हणजे प्रत्यक्ष कामातून मिळणाऱ्या प्रशिक्षणाला, श्रेयांक (क्रेडिट) ठेवलेले आहेत आणि अशा प्रात्यक्षिक कामाचे साधारण ३० तास म्हणजे एक श्रेयांक असे गणित असते. तुमच्या अभ्यासक्रमात ती सोय असेल, तर विभागप्रमुखांना भेटून हे काम त्यात बसते का ते विचारा. बसत असेल तर तासांची नोंद ठेवणे ही कंपनीचीही गरज होईल आणि तुमची वही त्यांना खटकणार नाही.

उत्तर टाळले गेले किंवा ‘आम्ही सगळेच इतके राबतो’ असे ऐकवले गेले, तर महिना पूर्ण करा, केलेल्या कामाचे अनुभवपत्र मागा आणि काम थांबवा. संस्थापकांचा कंपनीत हिस्सा असतो आणि त्यांच्या रात्रींचा मोबदला त्यांना पुढे मिळू शकतो. तुमच्या रात्रींचा मोबदला महिनाअखेरीस जे हाती येते तेवढाच आहे.

प्रश्न : एका कंपनीने मुलाखतीनंतर ‘चाचणी’ म्हणून ॲपचे सहा स्क्रीन आणि लोगोचे तीन पर्याय चार दिवसांत विनामूल्य मागितले आहेत. करावे का? — एक विद्यार्थी, पिंपरी

उत्तर : करू नये. दोन-तीन तासांत होईल असे, कल्पित विषयावरचे छोटे काम मागणे रास्त आहे. उदाहरणार्थ, एखाद्या काल्पनिक बस तिकिटाच्या ॲपचा एक स्क्रीन. परंतु कंपनीच्या स्वतःच्या उत्पादनाचे सहा स्क्रीन आणि लोगो ही चाचणी नसते, ते काम असते. नम्रपणे कळवा की यांपैकी एक स्क्रीन करून दाखवीन, उरलेल्या कामाचे मानधन ठरवू. जे एक पाठवाल ते पीडीएफ स्वरूपात पाठवा, मूळ फाइल देऊ नका.

प्रश्न : मी कोल्हापूरला दुसऱ्या वर्षात आहे. पुण्यातल्या एका डिलिव्हरी स्टार्टअपला घरूनच लोगो करून दिला आणि त्याचे ३,००० रुपये मिळाले. काही लिहून झाले नव्हते. आता तो लोगो त्यांच्या गाड्यांवर आहे आणि त्यांनी ट्रेडमार्कसाठी अर्जही केला आहे. ते ओपन फाइल (बदल करता येईल अशी मूळ फाइल) मागत आहेत आणि मी लोगो माझ्या पोर्टफोलिओत, म्हणजे स्वतःच्या कामाच्या नमुनासंग्रहात, टाकू नये असेही म्हणत आहेत. लोगो नेमका कोणाचा? — एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण डिझाइन शिकवताना रेषा, रंग आणि अक्षर यांच्याबद्दल आम्ही तासन्‌तास बोलतो आणि मालकीबद्दल क्वचितच बोलतो.

आपल्याकडे १९५७चा कॉपीराइट कायदा आहे आणि लोगो हे त्या कायद्याच्या भाषेत कलाकृती असते. कलाकृतीच्या हक्काचा पहिला मालक सर्वसाधारणपणे ती निर्माण करणारा असतो. मात्र कोणी नोकरीत किंवा शिकाऊ उमेदवार म्हणून, त्या कामाचाच भाग म्हणून कलाकृती केली आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक नोकरी देणारा ठरतो. याचा अर्थ असा की पहिल्या पत्रातली विद्यार्थिनी कंपनीच्या शिस्तीखाली दरमहा मानधनावर काम करते, त्यामुळे तिने केलेल्या पोस्टवर कंपनीने मालकी सांगितली तर त्या दाव्याला आधार आहे. तुम्ही मात्र घरून, स्वतःच्या साधनांनी, एका कामापुरते स्वतंत्रपणे काम केले आहे, त्यामुळे तुमची बाजू वेगळी आहे. फोटो, रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र मोबदला देऊन करवून घेतले असेल तर कायद्यात निराळी तरतूद आहे आणि समोरचा वकील तिच्याकडे बोट दाखवू शकतो, हेही लक्षात ठेवा. पण निव्वळ पैसे दिले म्हणून स्वतंत्र डिझाइनरचे सर्व हक्क आपोआप कंपनीकडे गेले, असे समजणे बरोबर नाही. हक्क हस्तांतरित करायचे तर ते लेखी आणि सहीनिशी करावे लागतात. त्या लेखात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. कंपनीने घाईत केलेल्या दोन ओळींच्या कागदाने तिचेच नुकसान होऊ शकते ते यामुळे.

ट्रेडमार्क ही वेगळी गोष्ट आहे आणि तिचा कायदा १९९९चा आहे. व्यापारात ते चिन्ह कोण वापरते आणि ग्राहक ते कोणाचे म्हणून ओळखतात, याच्याशी त्याचा संबंध असतो. कंपनीने चिन्ह नोंदवले तरी कलाकृतीचा कॉपीराइट त्या नोंदणीने तुमच्याकडून काढून घेतला जात नाही. म्हणूनच जाणती कंपनी दोन्ही गोष्टी एका हाती आणण्यासाठी डिझाइनरकडून हस्तांतरणाचा कागद करून घेते. हा कागद आज त्यांच्याकडे नाही आणि त्यांना त्याची गरज आहे.

माझा सल्ला भांडणाचा नाही. ३,००० रुपयांच्या कामासाठी न्यायालयात जाण्यात तुमची उमेद वाया जाईल. त्यांना लिहा की मी हक्क लेखी हस्तांतरित करून देतो आणि ओपन फाइलही देतो, त्यासाठी इतके वाढीव मानधन द्यावे आणि त्याच कागदात दोन वाक्ये घालावीत. पहिले वाक्य असे : ‘डिझाइनरला हा लोगो आणि त्याची प्रक्रिया स्वतःच्या पोर्टफोलिओत, संकेतस्थळावर आणि स्पर्धांमध्ये दाखवता येईल.’ दुसरे असे : ‘लोगोच्या निर्मितीचा उल्लेख होईल तिथे डिझाइनरचे नाव दिले जाईल.’ आपण निर्माता आहोत असे सांगण्याचा अधिकार कायद्याच्या कलम ५७ नुसार हक्क विकल्यानंतरही तुमच्याकडेच राहतो. परंतु विकलेल्या कलाकृतीच्या प्रती प्रसिद्ध करणे हा त्याहून वेगळा मुद्दा आहे, म्हणून पोर्टफोलिओचे वाक्य लेखी असलेच पाहिजे. ॲप बाजारात येईपर्यंत दाखवू नका, असे ते म्हणाले तर ते मान्य करा आणि तारीख लिहून घ्या.

कागदावर सही करण्यापूर्वी स्वतःलाही एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारा, की लोगोतला प्रत्येक आकार तुमचा आहे का? कॅनव्हा या ऑनलाइन डिझाइन साधनावरचे तयार चित्र किंवा कुठल्या संग्रहातला फुकट आयकॉन त्यात असेल, तर जे तुमचे नाही ते तुम्ही विकू शकत नाही. कॅनव्हातल्या तयार घटकांपासून केलेला लोगो ट्रेडमार्क म्हणून वापरता येत नाही, असे त्यांच्या अटींतच लिहिलेले आहे. तसे असेल तर आजच सांगा आणि तो भाग स्वतः नव्याने रेखाटून द्या. गाड्या रंगवून झाल्यावर ही गोष्ट उघडकीस येणे तुम्हालाही परवडणार नाही. टंकाचेही (फॉन्टचेही) तसेच आहे. अक्षरांचे बाह्यरेषांत रूपांतर करून फाइल द्या, विकत घेतलेला टंक तिच्यासोबत पाठवू नका.

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची आहे आणि पुण्यात वसतिगृहात राहते. ती एका स्टार्टअपमध्ये डिझाइनचे काम करणार आहे. कंपनीने ‘लॅपटॉपची अनामत’ म्हणून ५,००० रुपये मागितले आहेत. तिथे दहा-बारा मुलेच आहेत असे ती म्हणते. शिक्षण चालू असताना हे करू द्यावे का, अशी घरात चर्चा आहे. — एक पालक, सोलापूर

उत्तर : आपली काळजी योग्य आहे. तिचे दोन भाग वेगळे करू या.

कामाआधी पैसे मागणाऱ्याला पैसे देऊ नयेत, मग त्याला अनामत म्हणा, नोंदणी शुल्क म्हणा की प्रशिक्षण शुल्क म्हणा. मुलीला त्या कंपनीचे पूर्ण नोंदणीकृत नाव विचारायला सांगा. केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ते नाव शोधले की कंपनी कधी नोंदली गेली आणि कुठल्या राज्यात, याची माहिती मिळते. नाव सांगायलाच टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा. पैसे आधीच दिले असतील आणि फसवणूक वाटत असेल, तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर उशीर न करता तक्रार नोंदवावी, कारण पहिल्या काही तासांत रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त असते.

दुसरा भाग सुरक्षिततेचा. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३चा कायदा अर्धवेळ, कंत्राटी आणि प्रशिक्षणार्थी मुलींनाही लागू आहे. जिथे दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे आणि त्याहून लहान कंपनी असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. तक्रार सर्वसाधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते. समितीत कोण आहेत, हे मुलीने पहिल्याच दिवशी विचारावे. हे विचारण्यात आगाऊपणा नाही. कार्यालयातून निघण्याची वेळ आणि परतीची सोयही आधीच ठरवावी.

करू द्यावे का, या प्रश्नाचे माझे उत्तर ‘हो, तास मोजून’ असे आहे. कमावत शिकण्याची लाज वाटावी अशी आपली परंपरा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि स्वतःच्या श्रमावर शिकणारी मुले घडवली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना आज त्यांच्याच नावाने चालते. त्या योजनेचे मला सर्वांत आवडणारे वैशिष्ट्य हे आहे की तिथे काम अभ्यासाच्या वेळेभोवती बेतलेले असते. आपल्या मुलीच्या कंपनीकडून तेवढीच अपेक्षा ठेवा.

प्रश्न : आठ महिन्यांत एका कंपनीकडून ६४,००० रुपये व्यावसायिक शुल्क म्हणून ठरले, त्यातून १० टक्के कापून घेतले. हे परत मिळतात का? जीएसटी लागतो का? आणि दुसऱ्या एका कंपनीने तीन महिने बिल अडवले आहे. — एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : कापलेली रक्कम ही आयकराची उद्गम कपात (टीडीएस) आहे. एप्रिल २०२५ पासून व्यावसायिक शुल्काची एका कंपनीकडून मिळणारी वर्षाची रक्कम ५०,००० रुपयांपेक्षा जास्त झाली की ती कापली जाते. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर तुमच्या पॅनखाली हे ६,४०० रुपये जमा दिसतात का ते आधी पाहा. तुमचे वर्षाचे एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असल्यास, म्हणजे २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत ४ लाख रुपयांच्या आत असल्यास, विवरणपत्र भरून पूर्ण परतावा मागता येतो. विवरणपत्र भरले नाही तर परतावा आपोआप येत नाही. सेवांवरची जीएसटी नोंदणी वर्षाला २० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत सक्तीची नाही, त्यामुळे तो प्रश्न तुम्हाला आज नाही.

अडलेल्या बिलाबाबत : लहान उद्योगांसाठीची केंद्र सरकारची ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य आहे आणि आधार व पॅनवर घरबसल्या होते. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे आणि न केल्यास चक्रवाढ व्याज द्यावे, अशी सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६च्या कायद्यात तरतूद आहे. तिचा आधार घ्यायचा तर नोंदणी काम घेण्यापूर्वीची हवी. म्हणून पुढच्या कामाआधी ती करून ठेवा. आत्ताच्या बिलासाठी सौम्य शब्दांत, तारीख घालून, लेखी स्मरणपत्र पाठवा आणि तोवर त्या कंपनीचे नवे काम हाती घेऊ नका.

प्रश्न : मी ज्या स्टार्टअपमध्ये काम करते, तिथे ॲपची मराठी आवृत्ती माझ्याकडे आली आहे, कारण मराठी वाचणारी डिझाइनर मी एकटीच आहे. इंग्रजी स्क्रीनमध्ये मराठी मजकूर घातला की काहीतरी बिघडलेले दिसते, पण काय ते सांगता येत नाही. — एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : तुमच्या पत्राने मला मनापासून आनंद झाला. ‘काहीतरी बिघडले आहे’ हे दिसणे हीच डिझाइनरची नजर आहे, आता त्याची कारणे पाहू.

पहिले कारण उंचीचे आहे. रोमन लिपीसाठी ठरवलेल्या ओळींच्या अंतरात देवनागरी गुदमरते, कारण आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार असतात आणि खाली उकार, ऋकार व जोडाक्षरे असतात. बटणाच्या चौकटीत वरची मात्रा किंवा खालचा उकार कापला जातो तो यामुळेच. ओळींचे अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपट किंवा त्याहून थोडे जास्त ठेवून पाहा आणि प्रत्येक स्क्रीनवर ‘कर्तृत्व’, ‘आर्द्रता’, ‘विद्यार्थ्यांना’, ‘दुर्गुण’ आणि ‘वाऱ्याने’ हे शब्द टाकून तपासा. हे शब्द नीट बसले तर बहुतेक सगळे बसते.

दुसरे कारण अक्षरांमधल्या अंतराचे. इंग्रजी शीर्षकांत अक्षरे सुटी सुटी करण्याची पद्धत आहे. तीच मांडणी मराठीला लावली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. देवनागरीसाठी ते अंतर शून्यच ठेवा. इंग्रजीसारखी मोठी (कॅपिटल) अक्षरेही आपल्याकडे नाहीत, त्यामुळे जिथे इंग्रजीत त्यांनी जोर दिला आहे तिथे मराठीत टंकाचा जाडपणा, आकार किंवा रंग वापरावा लागेल.

तिसरे कारण सॉफ्टवेअरचे. इलस्ट्रेटर किंवा फोटोशॉपमध्ये पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला लागत असेल आणि जोडाक्षरे फुटत असतील, तर टंकाच्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये जाऊन भारतीय लिप्यांचा पर्याय सुरू करा आणि परिच्छेदासाठी ‘वर्ल्ड-रेडी’ रचना निवडा. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची सामाईक संगणकीय संकेतपद्धती येण्यापूर्वीच्या जुन्या टंकांत टाइप केलेला मजकूर कोणी दिला असेल, तर तो ॲपमध्ये निरर्थक चिन्हे होऊन दिसतो. तो आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो. शहरातल्या जुन्या डीटीपी चालकांना हे काम उत्तम येते, त्यांना विचारायला कमीपणा मानू नका.

चौथे कारण सर्वांत सूक्ष्म आहे आणि मला सर्वांत प्रिय आहे. अनेक टंकांमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी वळणे मूळ म्हणून दिलेली असतात. आपली वळणे वेगळी आहेत, म्हणजे पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’, आणि महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये काढलेल्या निर्णयातही त्यांचाच आग्रह धरला आहे. चांगल्या टंकात ही दोन्ही रूपे असतात, फक्त मजकुराची भाषा मराठी आहे असे प्रणालीला सांगावे लागते. ते काम प्रोग्रॅमरचे आहे, पण त्यांना ते सांगणे तुमचे आहे. गूगलच्या मुक्त संग्रहात तिरो देवनागरी हा टंक मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा तीन स्वतंत्र रूपांत मिळतो. तीनही शेजारी ठेवून पाहिलेत की फरक एकदा डोळ्यांत बसेल आणि पुन्हा जाणार नाही. स्क्रीनवरच्या मजकुरासाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा टंक मला फार सोयीचा वाटतो, कारण त्यात अनेक जाडपणे आहेत आणि तो मुक्त परवान्यावर मिळतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्दही टंकात वेगळे दिसतात ना, ते पाहा. पहिला शब्द म्हणजे समुद्र आणि दुसरा म्हणजे डोंगरातल्या दऱ्या, वापरणाऱ्याची वाट चुकता कामा नये.

याच निमित्ताने एक आठवण करून देते. विंडोजबरोबर जगभर पोहोचलेला मंगल हा टंक र. कृ. जोशी यांनी रचला. कवी आणि सुलेखनकार असलेल्या या माणसाने आयुष्य देवनागरीच्या वळणांवर घालवले आणि ती वळणे संगणकाला शिकवली. तुमच्या स्क्रीनवरचा मराठी मजकूर त्याच कामाच्या पुढच्या पायरीवर आहे.

शेवटी मजकुराबद्दल. भाषांतर तुमचे काम नसले तरी ते वाचणारी पहिली व्यक्ती तुम्हीच आहात. ॲप वापरणाऱ्याला ‘तू’ म्हणते की ‘तुम्ही’, एका स्क्रीनवर ‘पुढे जा’ आणि दुसरीवर ‘पुढे जावे’ असे होते का, क्रियापद पुरुषवाचकच गृहीत धरले आहे का, हे टिपून द्या. मराठी आवृत्ती हे तुमच्या ठरलेल्या पोस्टच्या कामात मोडत नाही. ते वेगळे कौशल्य आहे आणि कंपनीत दुसऱ्या कोणाकडे नाही. त्याचे तास आणि मानधन वेगळे लिहून घ्या आणि ॲपच्या श्रेयनामावलीत तुमचे नाव मागा.

प्रश्न : आमची सहा जणांची कंपनी आहे. पूर्णवेळ डिझाइनर परवडत नाही म्हणून यंदा दोन विद्यार्थ्यांना अर्धवेळ घेतले आहे. त्यांच्यावर अन्याय होऊ नये आणि दिवाळीची मोहीमही वेळेवर व्हावी, यासाठी काय करावे? — एक संस्थापक, पुणे

उत्तर : हा प्रश्न आपण विचारलात याबद्दल आभार. पहिली गोष्ट, सूचना एकाच माणसाने द्याव्यात. सहा जणांची सहा मते विद्यार्थ्यापर्यंत पोहोचली की तो सातवी आवृत्ती करतो आणि ती कोणालाच आवडत नाही. आपण आपापसांत बोलून एक मत करा आणि ते लिहून द्या. दुसरी गोष्ट, काम सांगताना एक पानाचा ब्रीफ, म्हणजे कामाची लेखी रूपरेषा, द्या. हे कोणासाठी आहे, पाहणाऱ्याने पाहून काय करावे, मजकूर अंतिम आहे का, मापे कोणती आणि तारीख कोणती, एवढे त्यात हवे. मजकूर अंतिम नसताना डिझाइन सुरू करायला लावू नका, निम्मे वाया जाणारे तास तिथेच जातात. सॉफ्टवेअरचे परवाने कंपनीच्या नावाने घ्या. विद्यार्थ्यांना सवलतीत मिळालेले काही परवाने केवळ शिक्षणासाठी असतात आणि त्यांवर कंपनीचे काम करून घेणे दोघांनाही अडचणीत आणू शकते.

तिसरी गोष्ट, ‘आवडले नाही’ एवढेच सांगून थांबू नका. काय वाचले गेले नाही, नजर कुठे अडखळली, हे सांगा. मानधन ठरल्या तारखेला द्या, गुंतवणूकदारांचे पैसे येण्याची वाट विद्यार्थ्यांना पाहायला लावू नका. आणि मागच्या पत्रांत आलेला मालकीचा व पोर्टफोलिओचा कागद पहिल्याच दिवशी करा, तो दोन पानांहून मोठा असण्याचे कारण नाही.

राहिली दिवाळी. तिच्या आगेमागेच बहुतेक महाविद्यालयांच्या सत्र परीक्षा येतात, आणि सारी ओढाताण तिथे होते. दोघांकडून त्यांचे परीक्षांचे वेळापत्रक आजच मागून घ्या, मोहिमेचा मजकूर गणपतीपूर्वी पक्का करा आणि मुख्य पोस्टर, ॲपचे बॅनर व पोस्टचे साचे नवरात्रापर्यंत त्यांच्याकडून पूर्ण करून घ्या. परीक्षेच्या आठवड्यांत फक्त किमती आणि तारखा बदलायच्या राहतील आणि ते साचे नीट बांधलेले असतील तर ते काम आपल्या सहा जणांपैकी कोणालाही करता येईल.